आपला भाऊ कोणत्या शंभरांतला?

पत्र :

डॉक्टर, आम्ही जिंतूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. नवव्या वर्षापासून त्याला फिट येतात. दीड वर्षाचा असताना तापात अर्धा तास आकडी आली होती, असं आई सांगते. आता महिन्याला पाच-सहा वेळा येते. आधी पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणतो, मग एकटक बघतो, तोंड चघळल्यागत करतो, उजव्या हाताने शर्टाचं बटण चाचपतो आणि डावा हात वाकडा होऊन ताठतो. वर्षातून दोन-तीनदा पूर्ण अंगाची फिट येते. आजवर चार औषधं झाली, सध्या दोन चालू आहेत. हैदराबादला एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी केला. उजव्या बाजूला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस आहे, ऑपरेशन करा, शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबतात, असं तिथे सांगितलं. अप्पा म्हणतात, उरलेल्या तिसांत आपला पोरगा निघाला तर? शेजारच्या गावातल्या एका मुलाचं तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. त्याच्या एमआरआयमध्ये काही सापडलंच नव्हतं म्हणे, कपाळामागच्या भागाचं ऑपरेशन होतं. त्याला अजून फिट येतात. ते बघून अप्पांनी विषयच बंद केला. तुरी निघू द्या, मग बघू, असं दोन वर्षं चाललंय. आईने औंढ्याला नवस बोललाय. चुलते म्हणतात, ऑपरेशन करा, गोळ्या बंद होतील, मग लग्न उरकून टाकू. सत्तर आणि तीस हे ठरतं तरी कशावर? रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय.
एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर :

ताई,

उजवा हात बटण चाचपतो आणि डावा ताठतो, या तुमच्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. फिट आल्यावर घरात सगळे धावत सुटतात, एवढं नेमकं बघायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. तुम्ही बघितलंत, आणि ते फार कामाचं आहे. कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग असतो त्याला टेम्पोरल लोब म्हणतात. तिथून फिट सुरू झाली की चाळा करणारा हात बहुधा त्याच बाजूचा असतो आणि ताठणारा हात उलट्या बाजूचा. म्हणजे कुठलंही यंत्र न लावता तुमच्या डोळ्यांनी सांगितलं की बिघाड उजवीकडे आहे. पोटातून वर चढल्यासारखं वाटणं, एकटक बघणं, तोंड चघळणं, ही लक्षणंही त्याच भागाची. टेम्पोरल लोबच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस आकसून कडक झालेला दिसतो, यालाच हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. व्हिडिओ ईईजीत, म्हणजे माणसाचं चित्रीकरण करत मेंदूतल्या विजेची नोंद घेणाऱ्या तपासणीत, चार फिट नोंदल्या गेल्या आणि रिपोर्टप्रमाणे चारही उजव्या टेम्पोरल भागातून सुरू झाल्या. दीड वर्षाचा असतानाची ती तापातली लांबलेली आकडीही या आजाराच्या गोष्टीत नेहमी भेटते. बालपणी तशी आकडी येऊन गेलेल्या आणि पुढे हिप्पोकॅम्पस आकसलेल्या माणसांचे ऑपरेशननंतरचे निकाल चांगल्या बाजूला झुकलेले दिसतात.

सगळे साक्षीदार एकाच जागेकडे बोट दाखवताहेत. ऑपरेशननंतर फिट थांबतील की नाही, हे ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा या एकवाक्यतेचा असतो. सर्जनचा हात महत्त्वाचा आहेच. पण निकालाचा बराचसा भाग सुरी हातात घेण्याआधीच ठरलेला असतो. फिट जिथून उठते ती जागा नेमकी सापडली का, ती एकच आहे का, आणि बोलण्या-चालण्याला धक्का न लावता ती पूर्ण काढता येईल का, यावर तो ठरतो.

आता शेजारच्या गावातल्या मुलाचं बघू. अप्पांनी त्याला डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून कागदावरच्या सत्तरापेक्षा तो एक मुलगा त्यांना खरा वाटतो. मला त्यात काही चूक दिसत नाही. माणूस असाच विचार करतो. पण अप्पांना एवढंच विचारा: मोंढ्यात सोयाबीन नेली की आडत्या सगळ्यांना एकच भाव देतो का? तो आधी मूठ भरून ओलावा बघतो, माती-काडी बघतो, मग भाव बोलतो. इथेही तसंच आहे. त्या मुलाचा एमआरआय स्वच्छ होता आणि फिट कपाळामागच्या भागातून, फ्रंटल लोबमधून येत होती. तो भाग मोठा, तिथे फिट झपाट्याने पसरते, आणि डाग दिसत नसला की सुरुवातीची जागा शोधायला कवटीच्या आत तारा घालूनही कधीकधी अंदाजच करावा लागतो. अशा माणसांत पूर्ण फिटमुक्त होणारे निम्म्याहूनही कमी असतात. त्याच्या फिट कमी झाल्या असतील तर त्याच्या शंभरांत तेही थोडं नाही. पण तो शंभर वेगळा आणि तुमच्या भावाचा वेगळा. तुम्हाला सांगितलेला सत्तर हा एका बाजूचा हिप्पोकॅम्पस आकसलेल्या आणि बाकीच्या तपासण्याही त्याच बाजूच्या आलेल्या माणसांचा आकडा आहे. मोठ्या केंद्रांत साठ ते सत्तरच्या आसपास तो सापडतो. म्हणून विचारायचा प्रश्न 'सत्तरात की तिसांत' हा नाही. आपला भाऊ कोणत्या शंभरांतला, हे आधी विचारायचं.

त्याच्या बाजूने काय काय आहे ते वर लिहिलं. विरुद्ध बाजूनेही काही आहे आणि तेही सांगायला हवं. वर्षातून दोन-तीनदा पूर्ण अंगाची फिट येते, ही गोष्ट निकाल थोडा खाली ओढते. फिट आपल्या जागेवर न राहता मेंदूभर पसरायला शिकली आहे, असा त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट पंधरा वर्षांची. आजार जितका जुना, तितकी ऑपरेशननंतर पूर्ण सुटका होण्याची शक्यता कमी, हे अनेक ठिकाणच्या अनुभवांत पुन्हापुन्हा दिसलंय. वर्षानुवर्षं एकाच वाटेने फिट धावत राहिली की आजूबाजूच्या पेशीही तिच्या सवयीच्या होतात, असं बऱ्याच तज्ज्ञांना वाटतं. कारण काहीही असो, तुरी निघेपर्यंत थांबण्यात फायदा एकही नाही. एका हंगामाने फार बिघडणार नाही, हे खरं. पण 'तुरी निघू द्या' हे तुमच्या घरात दोन वर्षं चाललंय, आणि तुरी दर वर्षी येतात.

या बाबतीत मी स्वतः चुकलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी बीडकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. तिच्या फिट अगदी तुमच्या भावासारख्या. मी सहा वर्षं तिच्या गोळ्या बदलत राहिले. हे वाढव, ते कमी कर, आता हे नवीन आलंय ते देऊन बघू. दर वेळी तिची आई आशेने जायची आणि तीन महिन्यांनी तसंच तोंड घेऊन परत यायची. शेवटी मी तिला ऑपरेशनसाठी धाडलं, फिट थांबल्या. पण तिची शाळा सातवीत सुटली होती, ती सुटलीच. ती सहा वर्षं मी तिला परत देऊ शकले नाही. तेव्हापासून दोन औषधं नीट निवडून, पुरेशा डोसात देऊन हरली की मी तिसऱ्यावर वेळ काढत बसत नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनेही २०१० मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या अपस्माराची, म्हणजे फिटच्या आजाराची, व्याख्या हीच केली. ग्लासगोमध्ये नव्याने उपचार सुरू झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०००मध्ये छापून आला होता. त्यात पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या, आणि तिसऱ्याने फक्त एका टक्क्याच्या. तुमच्या भावाची चार औषधं झाली आहेत.

अप्पांसमोर ठेवायचा खरा हिशेब हाच आहे. ते उरलेल्या तिसांना घाबरतात. पण ऑपरेशन न करण्याचा आकडा त्यांना कुणी सांगितला का? कॅनडात टेम्पोरल लोबच्या ऐंशी रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. चाळिसांना ऑपरेशनसाठी नेलं, चाळिसांची औषधं चालू ठेवली. वर्षभराने शुद्ध हरपणाऱ्या फिटमधून सुटलेले ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. त्या वर्षात एक जण दगावला, तो औषधांच्या गटातला. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर तसाच अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये आला. वर्षभराने फिटमुक्त झालेली मुलं ७७ टक्के आणि औषधांवर ठेवलेल्यांत ७ टक्के. एम्सच्या त्या अभ्यासात काही मुलांना हातापायाची कमजोरीही आली, कारण त्यांतल्या काहींचा मेंदूचा मोठा भाग वेगळा करावा लागला होता. तुमच्या भावाचं ऑपरेशन त्या प्रकारचं नाही.

म्हणजे तुलना सत्तर आणि शंभर यांची नाही. एका बाजूला साठ-सत्तर, दुसऱ्या बाजूला दहाच्याही आत. शिवाय घरी बसून राहणं बिनधोक असतं तर गोष्ट वेगळी. अपस्मार असलेल्या प्रौढांत दर वर्षी हजारांत एकाला झोपेत किंवा एकटं असताना अचानक मृत्यू येतो. पूर्ण अंगाच्या फिट चालू असतील तर हा धोका वाढतो आणि फिट थांबल्या की उतरतो. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण 'थांबून बघू' यातही धोका आहे, एवढं अप्पांना कळायला हवं.

मग उरलेले तीस कोण? त्यांच्या फिट का थांबत नाहीत, हेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. काहींत फिटची जागा हिप्पोकॅम्पसपुरती नसते. ती शेजारी, टेम्पोरल लोबच्या बाहेरही पसरलेली असते आणि तेवढीच काढून भागत नाही. काहींत डाव्या बाजूलाही थोडा बिघाड असतो, जो आधी झाकलेला राहतो. काहींत ठरलेला भाग पूर्ण काढता येत नाही, कारण पुढे बोलण्याची किंवा हालचालीची केंद्रं लागतात. आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. मेंदूत जंतांच्या अळीची जुनी, चुन्यासारखी झालेली गाठ आणि आकसलेला हिप्पोकॅम्पस असे दोन्ही एकाच माणसात सापडतात. तेव्हा फिट नेमकी कुठून येते हे तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या भावाच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये दुसरं काही लिहिलेलं नाही, डावी बाजू नीट आहे. पण झेरॉक्सवरून मी फिल्म बघू शकत नाही. पुढच्या भेटीत हे तोंडाने विचारा: डावा हिप्पोकॅम्पस पूर्ण नीट आहे ना, फिट नसतानाच्या ईईजीत डावीकडूनही ठिणग्या, म्हणजे विजेचे अचानक उसळलेले झटके, दिसले का, आणि मेंदूत दुसरी कुठली गाठ आहे का. तिन्ही उत्तरं मनासारखी आली तर आणखी पेट स्कॅन, आणखी कसला स्कॅन, यामागे पैसा घालवू नका. तपासण्यांचं उत्तर एकमेकांशी जुळत नसेल तेव्हा त्या वाढवायच्या असतात.

एक तपासणी मात्र तुमच्या कागदांत दिसली नाही. स्मरणशक्तीची आणि बुद्धीची चाचणी. दोन-तीन तास बसवून प्रश्न विचारतात, चित्रं काढायला लावतात. ऑपरेशनआधी ती झालीच पाहिजे. नावं, शब्द, ऐकलेली गोष्ट लक्षात ठेवायचं काम बहुतेक उजव्या हाताने काम करणाऱ्यांत डाव्या बाजूकडे असतं. तुमचा भाऊ उजवा असेल तर उजव्या बाजूच्या ऑपरेशनने बोलणं जाईल किंवा माणसं ओळखेनासा होईल, ही भीती बाळगायचं कारण नाही. पण चाचणी केल्याशिवाय हे गृहीत धरू नये. ऑपरेशननंतर डाव्या बाजूला वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसेनासं होऊ शकतं. बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण गाडी चालवायची असेल तर विचारून घ्यावं लागतं. जीव जाण्याचा धोका अनुभवी केंद्रांत शेकडा एकाहून कमी, कायमचं मोठं अपंगत्व येण्याचा धोका शेकडा दोन-चारांच्या घरात. 'डोकं उघडणार' हे ऐकून अप्पांच्या पोटात गोळा येत असेल. त्यांना सांगा, आपल्या देशात अपस्मारावर पहिलं ऑपरेशन डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरला १९५२ मध्ये केलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून हे काम सलग चालू आहे. दिल्लीचं एम्स, बंगळूरूचं निम्हान्स, मुंबईचं केईएम इथेही होतं. नवं काही करून बघायला तुमच्या पोराला कुणी घेऊन चाललेलं नाही.

कुठे करायचं, हेही निकालावर परिणाम करणारं आहे. फिटचा डॉक्टर, सर्जन, एमआरआय वाचणारा आणि स्मरणशक्ती तपासणारा हे चौघं एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करतात का, आणि तुमच्या भावासारखी ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात, हे संकोच न करता विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढणार की फक्त हिप्पोकॅम्पस आणि शेजारचा तुकडा, हाही प्रश्न आहे. पहिल्या पद्धतीत फिट थांबण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. पण ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती त्याला करू द्यावी, असं माझं मत.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. सत्तर जणांच्या फिट 'थांबतात' म्हणजे नेमकं काय? डॉक्टर निकाल मोजतात तेव्हा त्यांच्या पहिल्या वर्गात पूर्ण मोकळे झालेले येतात आणि ज्यांना फक्त पोटातून वर चढल्यासारखं होऊन तिथेच विरतं, शुद्ध जात नाही, असेही येतात. भावाला ऑपरेशननंतर कधी पोटातून तसं वाटलं तर घरात रडारड नको. आणि हा निकाल एका वर्षाचा की दहा वर्षांचा, तेही विचारा. लंडनमध्ये ऑपरेशन झालेल्या ६१५ प्रौढांचा मागोवा घेतला, तेव्हा शुद्ध हरपणाऱ्या फिटशिवाय राहिलेले पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के होते. त्यात सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती, म्हणून तो आकडा सत्तरापेक्षा खाली. त्यात दिलासा देणारं हे की पहिली वर्षं जितकी कोरडी जातात, तितकी पुढे फिट परतण्याची शक्यता कमी होत जाते. पहिली दोन वर्षं खरी कसोटीची.

त्या दोन वर्षांत निकालाचा थोडा भाग घराच्या हातात येतो. इथे मी तुमच्या चुलत्यांच्या विरोधात उभी आहे. ऑपरेशन झालं की गोळ्या बंद, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. जागा काढली तरी आजूबाजूच्या भागाला निवायला वेळ लागतो. मोठ्या माणसांत साधारण एक-दोन वर्षं फिटशिवाय गेल्यावर एकेक औषध हळूहळू उतरवतात, तेही डॉक्टरने सांगितलं तर. लंडनच्या त्याच रुग्णांत फिटमुक्त राहिलेल्यांपैकी साधारण २८ टक्क्यांच्याच गोळ्या पूर्ण सुटल्या होत्या. बाकीचे एखाद-दुसरी गोळी घेत नीट जगत होते. फिट न येणं हे मिळवायचं आहे. रोजची एक गोळी राहिली तर राहू द्या. मनानेच एकदम बंद केल्या, तर चांगलं झालेलं ऑपरेशनही अपयशी दिसेल आणि दोष सर्जनच्या माथी येईल.

झोपेचंही तसंच. आपल्याकडे शेतीची लाईट रात्री येते आणि घरातलं तरणं पोर मोटर चालू करून पाणी द्यायला पळतं. ऑपरेशन झालेल्या मुलाला निदान दोन वर्षं रात्रीच्या पाण्याला पाठवू नका. रात्रभर जागरण झालं की थांबलेली फिटही उठू शकते. उपवासाचंही लक्षात ठेवा. श्रावणात, महाशिवरात्रीला 'आज काही घ्यायचं नाही' म्हणून गोळी चुकवून फिट आलेले रुग्ण मी दर वर्षी बघते. गोळीने उपवास मोडत नाही. आईंचा नवस असू द्या. औंढ्याला जाऊन या, नागनाथासमोर डोकं टेकवा, मनाला बळ येतं. फक्त गोळ्यांची पाकिटं पिशवीत असू द्या.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात एखादी फिट आली तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. सुजेने, तापाने, औषध कमी पडल्याने तशी येऊ शकते. तिचा अर्थ काळजी घ्या एवढाच. तशा माणसांचा पुढचा निकाल सरासरीने थोडा कमी भरतो, हे खरं, पण त्यांतले बरेच जण पुढे मोकळे होतात. काहींच्या फिट तर लगेच न थांबता महिन्या-महिन्याने विरत जातात.

आणि मनाकडे लक्ष ठेवा. ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत, फिट थांबलेल्या माणसालाही उदास वाटू लागतं, चिडचिड होते, रडू येतं. आधीपासून मन खचलेलं असेल तर जास्त. आधीची उदासी आणि ऑपरेशननंतर फिट चालू राहणं यांचाही संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, म्हणून ऑपरेशनआधीच विचारा: तो एकटा बसतो का, जगण्यात काही राम नाही असं कधी बोललाय का? असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांना आधी दाखवा. ऑपरेशन त्यासाठी टळत नाही, पण उपचार सोबत सुरू व्हायला हवेत. पंधरा वर्षं ज्याला 'विहिरीवर जाऊ नको, गाडीला हात लावू नको' असं सांगितलं, त्याला ऑपरेशनच्या दुसऱ्या महिन्यात 'आता तू बरा झालास, ट्रॅक्टर घे, बाशिंग बांध' म्हणणं हे त्याच्यावर ओझं टाकणं आहे. त्याला आधी फिटशिवाय जगायची सवय होऊ द्या.

लग्नाचं म्हणाल तर अपस्मार आहे म्हणून लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी तसा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. म्हणून लग्न व्हावं यासाठी ऑपरेशन करायची गरज नाही, आणि ऑपरेशन झालं म्हणून आजार लपवून लग्न करायचाही हक्क मिळत नाही. मुलीकडच्यांना आधी सांगा, रिपोर्ट दाखवा. लपवलं तर पोरगा बायकोसमोर गोळी घ्यायला लाजेल, गोळी चुकेल, आणि फिट परत येईल. असं झालेलं मी बघितलंय.

पैशाचं पत्रात लिहिलं नाहीत, पण दोन वर्षं विषय टळण्यामागे तेही असेल. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतं. हैदराबादला जाण्याआधी महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाच्या, टेबलावर अपस्माराच्या शस्त्रक्रियेचं विचारा. रेशनकार्ड, आधार, सगळे रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी सोबत न्या. नुसता कागद नेला तर सर्जन पुन्हा एमआरआय करायला लावतात.

पुढच्या भेटीला अप्पांना घरी ठेवू नका. तुम्ही ऐकून येऊन त्यांना सांगितलं की ते पोरीचं बोलणं होतं, डॉक्टरने समोर बसवून फिल्मवर उजवी बाजू दाखवली की त्यांना स्वतः दिसेल. जमलं तर त्या केंद्रात ऑपरेशन झालेल्या, आपल्याच भागातल्या एखाद्या माणसाशी गाठ घालून द्या म्हणावं. अप्पांनी एकच मुलगा पाहिलाय, दुसराही पाहू द्या. आणि भावालाही विचारा. तुमच्या पत्रात अप्पा आहेत, आई आहे, चुलते आहेत, त्याला स्वतःला काय वाटतं ते एका ओळीतही नाही. डोकं त्याचं आहे, चोवीस वर्षांचा आहे, सही त्याची लागणार आहे.

तारीख मिळेपर्यंत दोन्ही औषधं वेळेवर चालू ठेवा. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, पाच मिनिटांवर गेली तर गाडी काढून थेट दवाखाना गाठा. शक्य असेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, दोन्ही हात दिसतील असा. विहिरीवर, शेततळ्यावर त्याला एकटं जाऊ देऊ नका, न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका. तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मला कळवा. डावीकडे काही निघालं तर पुढचं बोलू.